घाण कसली आहे, ते आधी बघा

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला घरचे दोनच गोष्टी विचारतात. एक, हे दूध चांगलं आहे का बघ. आणि दोन, हा डाग कशानं जाईल. पहिल्याचं उत्तर आईला वासावरूनच कळतं, माझी परीक्षा घ्यायची म्हणून ती विचारते. दुसऱ्यावर मात्र मी हल्ली इतकं बोलतो की बायको म्हणाली, हे सगळं एकदा लिहून टाका, म्हणजे नातेवाइकांना फोनवर सांगत बसायला नको.

मुळात हा विषय घरात आणला तो मावशींनी. आमच्याकडं भांडी आणि फरशीला येतात त्या. एक दिवस हात पुढं करून म्हणाल्या, "दादा, तेवढी ती पावडर बदला बघा. रात्री भाकरी थापताना नुसती आग होतीया." तळव्यांना बारीक चिरा पडलेल्या, बोटांच्या पेरांवरची कातडी पांढरी आणि खरखरीत. भांड्यांची स्वस्तातली पावडर, बाथरूमला ॲसिड, फरशीला फिनेल, आणि हे सगळं रोज चार-पाच घरांत. आपण वासानं खोकतो आणि खिडकी उघडतो. त्या त्यातच हात घालून बसलेल्या असतात.

मग मी घरातल्या बाटल्यांकडं जरा कामाच्या नजरेनं बघायला लागलो.

कारखान्यात हंगाम चालू असताना अधूनमधून गाळप थांबवून बॉयलिंग हाऊसची सफाई करावी लागते. रस आटवायच्या बॉडीत, म्हणजे मोठ्या बंद भांड्यात, नळ्यांना आतून खपली धरते, उष्णता नीट पोचत नाही. ती काढायला कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळत ठेवतात. पण खपली कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर तिला ॲसिड लवकर खातं, सिलिकाची असेल तर ॲसिड तिला ढिम्म हलवत नाही. म्हणून आधी बघायचं, खपली कशाची आहे. घरात मात्र आपण उलटं करतो. टीव्हीवर जे सगळ्यात जोरात फेसाळतं ते आणतो आणि दिसेल त्या घाणीवर ओततो.

घरातल्या घाणीच्या मुख्य जाती तीन. तेलकट चिकटा, पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर, आणि तांब्या-पितळेवर चढलेला काळपटपणा. तेलकटाला अल्कली लागते, म्हणजे सोडा. क्षारांना आणि तांब्याच्या काळेपणाला आंबट लागतं. उरली साधी धूळ. तिला पाणी पुरतं, तिच्यासाठी काहीही विकत आणू नका. एवढं कळलं की निम्म्या बाटल्या आपोआप घराबाहेर जातात.

यावरून एक राग बाहेर काढतो. इंटरनेटवर प्रत्येक 'नैसर्गिक स्वच्छता' सांगणारा माणूस खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओततो, फसाफसा फेस येतो आणि लोक खूश होतात. अरे बाबांनो, एक अल्कली, एक ॲसिड. दोघं एकमेकांना मारून मोकळे. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडावॉटरमधला तोच. खाली उरतं ते सोडियम ॲसिटेटचं मिळमिळीत पाणी, जे ना तेल काढतं ना क्षार. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत, पण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घाणीवर. सोडा टाकून घासलं, पाण्यानं धुतलं, मग व्हिनेगर मारलं, तर काही बिघडत नाही. एकत्र करून बाटलीत भरून ठेवायचं म्हणाल तर नुसता खर्च, आणि झाकण घट्ट लावलं तर बाटली फुगून उडेल ती वेगळीच.

आता स्वयंपाकघर. कोल्हापुरातलं स्वयंपाकघर म्हटलं की तर्री आली. रविवारी तांबडा रस्सा झाला की गॅसमागच्या टाइल्सवर तेलाचे बारीक लाल थेंब, आणि एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर तर मधासारखा चिकटा. याला खायचा सोडा पुरत नाही, तो फार सौम्य. इथं धुण्याचा सोडा पाहिजे. किराणा दुकानात 'धुण्याचा सोडा' म्हणून मागा. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, हा सोडियम कार्बोनेट. नावं सख्ख्या भावांची, स्वभाव निराळे. अर्ध्या बादली कडकडीत पाण्यात दोन-तीन चमचे टाकायचा, फॅनची पाती सोडवून त्यात बुडवायची आणि चहा घेऊन यायचं. आल्यावर पाणी तपकिरी झालेलं असतं आणि चिकटा बोटानं ढकलला तरी सरकतो, कारण तेलाचा थोडासा साबणच झालेला असतो. हातमोजे मात्र घालाच. हा सोडासुद्धा कातडीचं तेल तसंच ओढून घेतो. आणि ॲल्युमिनियमच्या कुकरला, कढईला तो लावू नका, भांडं काळं पडतं. फॅनची पाती ॲल्युमिनियमची असतील तरी तेच.

कुणीतरी लगेच म्हणेल, धुण्याचा सोडा काय झाडाला लागतो का? नाही. तोही कारखान्यातच होतो. 'नैसर्गिक' या लेबलाचा मला फार पुळका नाही. मला तीन गोष्टी बघायच्या असतात: वास घशात जातो का, हाताला लागतो का, आणि घरातल्या लहान मुलानं चुकून तोंडात घातलं तर काय होईल. या तिन्हींत धुण्याचा सोडा पहिला नंबर काढत नाही, म्हणून तो वरच्या फळीवर आणि महिन्यातून एखाद्या वेळेलाच. रोजच्या ओट्याला भांड्यांचा साबण थोड्या कोमट पाण्यात पुरेसा आहे.

ओट्यावरून आठवलं. कडाप्पा असेल, शहाबादी असेल, कोटा असेल किंवा संगमरवर असेल, तर लिंबू आणि व्हिनेगर लांब ठेवा. हे सगळे चुन्याच्याच जातीचे दगड. आंबट त्यांना खातं. कडाप्प्याच्या ओट्यावर कापलेलं लिंबू रात्रभर उपडं राहिलं तर सकाळी तिथं फिकट गोल उमटलेला असतो, आणि तो पुसून जात नाही, कारण ती घाण नसते, झिजलेला दगड असतो. ग्रॅनाइटला एवढं काही होत नाही. पण पेठेतल्या जुन्या घरांत अजून शहाबादीच फार. तिथं व्हिडिओ बघून व्हिनेगरनं फरशी पुसायला लागला तर चकाकी आणाल म्हणता म्हणता घालवून बसाल.

हळदीचा डाग हा वेगळाच प्रकार आहे, आणि माझा सगळ्यात आवडता. पांढऱ्या शर्टावर रश्शाचा थेंब पडला. घाईनं साबण लावला, तर पिवळा डाग एकदम तांबूस लाल. घरात बोंब होते, शर्ट गेला म्हणून. गेलेला नसतो. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, शाळेत हळदीचा कागद करायचो ना आपण, तेच. भरपूर पाण्यात खळबळला की परत पिवळा. मग तेल गेलेलं असलं की ओला शर्ट तसाच कडक उन्हात डाग वर करून टाकायचा. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. एप्रिलमधल्या उन्हात दुपारपर्यंत डाग शोधावा लागतो. ब्लीच नको, काही नको. जुलैत आमच्याकडं ऊनच नसतं, त्याला माझ्याकडंही इलाज नाही.

बाथरूममध्ये सगळा खेळ क्षारांचा. बोअरचं पाणी असलं की बादलीला आतून पांढरं कडं, नळाच्या तोंडाशी दगड, शॉवरची निम्मी भोकं बंद आणि उरलेल्यांतून पाणी भिंतीवर. यासाठी लोक ॲसिड आणतात. गल्लीत सायकलवरून "ॲसिड, फिनेल" ओरडत येणारा माणूस तुमच्याकडंही येत असेल, आणि तो देतो ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. मला या प्रकाराची खरोखर भीती वाटते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, तरी कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं ॲसिड अजून न्हाणीघराच्या कोपऱ्यात दिसतं. घरात पोरं असतात, त्यांना बाटली ओळखीची असते. शिवाय ते ॲसिड क्षारांबरोबर टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खातं. दर दोन वर्षांनी सांधे भरायला गवंडी का बोलवावा लागतो, याचा विचार करा.

त्याऐवजी मी सायट्रिक ॲसिड आणतो, किराणावाले लिंबूसत्व म्हणतात. साखरेसारखे पांढरे खडे. लक्ष्मीपुरीत सुटं मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, जुन्या बनियनचा तुकडा त्यात भिजवायचा आणि नळाला पट्टी बांधल्यासारखा गुंडाळून अर्धा-पाऊण तास विसरून जायचं. शॉवरला हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून रबरबँडनं बांधायचं. कान जवळ नेलात तर बारीक चुरचुर ऐकू येते, म्हणजे काम चालू आहे. नंतर जुन्या टूथब्रशनं दोन हात. संडासाच्या भांड्यातल्या पिवळ्या रेषेला रात्री झोपताना तीन-चार चमचे टाकून ठेवायचे, सकाळी ब्रश. एका रात्रीत सगळं जात नाही, जुना थर असेल तर दोन-तीन रात्री लागतात. ॲसिडसारखं दोन मिनिटांत पांढरंशुभ्र होत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर मला शिव्या घालाल.

लिंबं पिळत बसू नका. बऱ्याच लिंबांचं काम एक चमचा करतो, आणि लिंबं सरबताला लागतात.

तांब्याचं मात्र मी चिंचेनंच करतो. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा बंब आहे, आता त्यात कुणी पाणी तापवत नाही, हॉलमध्ये कोपऱ्यात उभा असतो आणि पाहुणे त्याच्यात छत्र्या ठेवतात. चिंचेचा भिजवलेला गोळा, त्यात चिमूटभर जाडं मीठ. अंगठ्यानं एका जागी दाबून गोल फिरवायचं. आधी काळं पसरतं, चिंचेचा कोळ आणखी गढूळ होतो, वाटतं बिघडलं. आणि मग अंगठ्याखालून एकदम गुलाबी तांबं वर येतं, कोवळ्या कातडीसारखं. चिंचेतलं टार्टरिक ॲसिड तांब्यावरचा ऑक्साइड विरघळवतं, मीठ त्याला मदत करतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण लगेच धुऊन कोरडं पुसलं नाही तर संध्याकाळपर्यंत हिरवट डाग. आमसुलांचा चोथा, आंबट ताक, सगळं चालतं. आई तर सोलकढी झाली की आमसुलं टाकू देत नाही, देवाच्या ताम्हणासाठी बाजूला ठेवते.

चांदीला चिंच चालत नाही. चांदीवरचा काळेपणा ऑक्साइडचा नसतो, गंधकाचा असतो, आंबट त्याला ओळखतच नाही. चांदीकामाचं हुपरी गाव इतक्या जवळ आहे, घराघरांत पैंजण आणि निरांजनं, आणि सगळे टूथपेस्टनं घासत बसतात. चमकतं खरं, पण घासून घासून नक्षी बोथट होते. त्यापेक्षा पसरट भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर चांदी ठेवा, चमचाभर खायचा सोडा आणि मीठ, वरून उकळतं पाणी. चांदी फॉइलला टेकलेली पाहिजे. सडक्या अंड्यासारखा किंचित वास येतो आणि काळेपणा चांदी सोडून फॉइलकडं जातो. घासायचं काहीच नाही, चांदी झिजत नाही. खडे बसवलेले किंवा मीनाकारी केलेले दागिने यात घालू नका, आणि मुद्दाम काळी नक्षी ठेवलेले तर मुळीच नको.

आता राख आणि रिठा. या दोन्हींबद्दल लोक फार गहिवरून बोलतात. शेणीची राख खरोखर चांगली, त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे पुन्हा सोड्याचाच भाऊ, शिवाय घासायला बारीक कण. पण चूल आहे कुणाकडं? आणि नॉनस्टिक तव्यावर राख फिरवली की तवा गेला.

रिठा मी महाद्वार रोडच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानातून आणतो. काळी बी काढून टाकायची, टरफलं रात्रभर भिजवायची, सकाळी उकळून कुस्करायची आणि गाळायची. तपकिरी, थोडं गुळासारखं वास येणारं पाणी मिळतं. बायकोच्या रेशमी साड्या आणि आईची लोकरीची शाल त्यात अशी धुतली जाते की कुठला लिक्विड साबण धुणार नाही. गुजरीतले, म्हणजे आमच्या सराफ बाजारातले, जुने कारागीरही सोन्याच्या दागिन्यांना रिठ्याचंच पाणी वापरतात. पण ते पाणी चार दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये जरा जास्त टिकतं. आणि भांड्यांना म्हणाल तर मावशींनी दोन दिवसांत निकाल दिला, "फेस कुठाय ह्याला? तर्री निघत न्हाई, उगं हात फिरवायचा." त्यांचं बरोबरच होतं. रिठा तेलाला कमी पडतो, मग जोर मनगटाला लावावा लागतो.

इथं मला थांबून एक बोलायचं आहे. 'आजीच्या काळातले उपाय' म्हणून जे जे सांगितलं जातं, त्यात आजीचे हात कुणी धरत नाही. तीव्र रसायन कमी केलं की घासणं वाढतं, वेळ वाढतो. तो वेळ कुणाचा? पुरुषानं ब्लॉग लिहायचा, बायकोनं चिंच भिजवायची आणि मावशींनी बंब घासायचा, असलं नैसर्गिक जगणं मला नको. म्हणून आमच्याकडं भिजत घालायच्या कामांवर भर आहे, घासायच्या नाही. आणि बंब, फॅन, शॉवर माझ्याकडं. मावशींना भांड्यांसाठी साधा सौम्य लिक्विड साबण आणला. मोजे आणले ते त्या घालत नाहीत, म्हणतात भांडं सटकतं. काम झाल्यावर खोबरेल लावतात. पावडर बंद झाल्यापासून चिरा भरून आल्या, निदान आमच्या घरापुरता माझ्यावर बोल नाही. बाकीच्या घरांचं त्या स्वतःच बोलणार आहेत म्हणे.

गुळाचं बायो-एन्झाइम सध्या जोरात आहे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. बाटली प्लॅस्टिकची घ्यायची, वर मोकळी जागा ठेवायची आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून वारं सोडायचं, नाहीतर काच फुटून स्वयंपाकघराचं रणांगण होतं. तयार होतं ते आंबट पाणी, व्हिनेगरचा चुलतभाऊ, थोडा सालींचा सुवास. टाइल्सची फरशी पुसायला (शहाबादी नव्हे), मोरीत ओतायला छान. त्यानं सगळे जंतू मरतात, नदी शुद्ध होते वगैरे जे म्हणतात ते मला लॅबमध्ये बसून म्हणता येणार नाही. आणि गूळ घेताना पिवळाधमक घेऊ नका, त्याला बहुतेक हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवायची रासायनिक पावडर, मारलेला असतो. काळपट घ्या. गुऱ्हाळावर रसाची मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालायची जुनी रीत आहे, बुळबुळीत धाग्यांत कचरा अडकून वर येतो आणि झाऱ्यानं काढता येतो. घाण कशी काढावी हे ज्याला शिकायचं त्यानं एकदा हंगामात काहिलीपाशी उभं राहावं.

ब्लीच मी घरातून काढलेलं नाही, आणि काढणारही नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, शाहूपुरीत आणि कुंभार गल्लीत घरात गटारीचं पाणी शिरलं. ते ओसरल्यावर भिंतींवर जे राहतं त्याला लिंबूसत्व काय करणार? तिथं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरच पाहिजे. घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल तरी तसंच. फक्त ब्लीचच्या आसपास ॲसिड येऊ देऊ नका. संडास साफ करायचं लिक्विड, लिंबूसत्व, व्हिनेगर, काहीही आंबट त्यात पडलं की क्लोरिन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. दोन बाटल्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा.

नवरात्राआधी आमच्या गावात घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. पंचगंगेच्या घाटावर टेंपो भरून वाकळा येतात, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि पाण्यावर पांढरा फेस. खाली केंदाळ आधीच माजलेलं. नदी खराब होते ती मुख्यतः नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्यानं, माझ्या मगभर साबणानं नाही, हे मला माहीत आहे. आणि रिठा नेला म्हणजे पुण्य असंही नाही, रिठ्यातलं सॅपोनिन माशांना विषारी असतं. आम्ही वाकळा गच्चीवर धुतो. रात्री धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजत, सकाळी मी आणि पोरगं बादलीत उभं राहून तुडवतो, दोनदा स्वच्छ पाणी, शेवटच्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर. त्यानं सोड्याचा उरलेला अंश जातो आणि कापड कडक होत नाही. ओली वाकळ दोघांनाही पिळता येत नाही, तशीच कठड्यावर टाकायची, पाणी आपोआप निथळतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवायचं एवढंच, त्यांचे पापड वाळत असतात.